लंडनच्या व्याजमापाचा अस्त

धान्याचें माप खोटें निघालें तर एका गिऱ्हाइकाचें नुकसान होतें. व्याजाचें माप खोटें निघाल्यास देशोदेशींचे ऋणको-धनको नाडले जातात. लंडनच्या 'लायबॉर' दराचा इतिहास हेंच सांगतो.

१९६९ सालीं मिनोस झोंबानाकिस या ग्रीक पेढीवाल्यानें इराणच्या शहास अनेक पेढ्यांकडून मिळून आठ कोटी डॉलर कर्ज मिळवून दिलें. पेढ्यांना स्वतःला पैसा ज्या दरानें मिळे, त्यावर त्याचें व्याज ठरत असे. १९८६ पासून ब्रिटिश बँकर्स असोसिएशन असा दर रीतसर जाहीर करूं लागली. नेमलेल्या पेढ्यांनीं आपणांस कर्ज कोणत्या दरानें मिळेल तें रोज सांगावें, वरचे व खालचे आंकडे गाळून उरलेल्यांची सरासरी काढावी, असा तो हिशेब होता. सारी भिस्त शब्दावर. आणि शब्द देणाऱ्याचाच नफा त्या शब्दांत गुंतलेला! २००८ च्या अरिष्टांत पेढ्यांमधील उसनवारी आटली, तरी आंकडे निघतच राहिले. २०१२ सालीं खोट्या आंकड्यांबद्दल बार्कलेज बँकेस इंग्लंड व अमेरिका मिळून सुमारें २९ कोटी पौंड दंड झाला.

पुढें २०२१ अखेर बहुतेक लायबॉर दर बंद झाले. पेढ्यांच्या सांगण्यावरून निघणारा डॉलरचा दर ३० जून २०२३ नंतर थांबला. त्यांच्या जागीं पौंडासाठीं 'सोनिया' व डॉलरसाठीं 'सोफर' हे दर आले. ते एका रात्रीच्या मुदतीच्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढले जातात. सांगितलेल्या शब्दाची जागा झालेल्या व्यवहारानें घेतली, हेंच या बदलाचें मर्म होय.