जरा दम धरा!

इतिहास म्हटला की आपल्याला निदान एक घोडा तरी लागतो. डिंकाचा इतिहास शिकवायला कुणी उभा राहिला, तर वर्गात फळा आणि खडू एवढेच उरतील. वास्तविक मध्यमवर्गीय संसाराला घोड्यांपेक्षा डिंकाचाच आधार जास्त. जून उजाडला की वह्यांना खाकी कव्हरे, कव्हरांवर लेबले आणि लेबलांना घरची खळ. ही खळ मोठी प्रेमळ. लेबल सोडून सगळ्यांना चिकटायची: बोटांना, चटईला, धाकट्याच्या केसांना. आणि एकदा का लेबलाला चिकटली की कव्हर फाटेल पण ती सोडायची नाही.

उतावळेपणा हा चिकट पदार्थांचा (आणि काही पाहुण्यांचा) जातिस्वभावच. त्यावर इलाज काढला तो लॉस एंजेलिसच्या स्टॅन्टन एव्हरी नावाच्या तरुणाने, १९३५ साली. हा गृहस्थ कॉलेजात असताना भाड्याने घेतलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यात राहिलेला. धंद्याचे भांडवल शंभर डॉलर, तेही होणाऱ्या बायकोकडून उसने घेतलेले. ती शिक्षिका होती. म्हणजे मास्तरीणबाईंचा पगार कुठे जातो हा प्रश्न तिकडेही होताच. वॉशिंग मशीनची मोटर, शिवणयंत्राचे भाग आणि एक विजेची करवत यांचे लग्न लावून त्याने यंत्र उभे केले. त्यातून निघणाऱ्या लेबलाच्या पाठीला आधीच चिकट लेप दिलेला आणि लेपाखाली आधाराचा कागद. कागद सोलेपर्यंत लेबल गप्प. सोला, दाबा, चिकटले! ना पाणी, ना जिभेचे टोक.

पण खरी गंमत पुढेच आहे. भेटवस्तूंच्या दुकानांतली किमतीची ही लेबले डाग न ठेवता निघत. कंपनीचे पहिले नावच मुळी ‘कम क्लीन प्रॉडक्ट्स’! लग्नात आलेल्या स्टीलच्या पातेल्यावरचे लेबल काढताना ज्यांची नखे झिजली, त्यांनी या नावाला मनोमन नमस्कार करावा.

लेबलाने दम धरला. शाईने का धरू नये? कार्बन पेपर म्हणजे शाईतली खळच. तिसऱ्या प्रतीवर अक्षर फिके आणि शर्टाच्या बाहीवर ठळक. ओहायोतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी होती. तिथल्या बॅरेट ग्रीन आणि लॉवेल श्लायकर यांनी यावर उपाय शोधला आणि १९५४ साली बिनकार्बनचा कागद बाजारात आला. युक्ती अशी, की रंगाचे द्रव्य तेलात विरघळवायचे आणि तेलाचे सूक्ष्म थेंब जिलेटिन व डिंकाच्या पापुद्र्यात कोंडायचे. म्हणजे थोडक्यात मोदक! आत सारण, बाहेर पारी. फक्त नुसत्या डोळ्यांनी न दिसणारे. हा डिंकही आपल्या लाडवांतल्या डिंकाचा चुलतभाऊच. वरच्या कागदाच्या पाठीवर या मोदकांचा लेप, खालच्या कागदाच्या तोंडावर एका खास मातीचा. आतल्या द्रव्याला स्वतःचा रंग नसतो. पेनाचा दाब पडतो, मोदक फुटतो, सारण मातीला भेटते आणि तेव्हा कुठे निळे अक्षर उमटते. तोवर बाहीला धोका नाही. पुढे औषधे आणि सुगंधही याच रीतीने कोंडले गेले.

बरे, डिंकाने आणि शाईने थांबावे हे समजू शकते. पण नुसत्या रिकाम्या जागेने? त्याचीही एक हकीकत आहे. १९७७ साली ‘ॲपल टू’ हा कॉम्प्युटर निघाला. तो रचणाऱ्या स्टीव्ह वॉझ्निॲकला आत जादा कार्डे खोचण्यासाठी आठ खाचा हव्या होत्या. भागीदार स्टीव्ह जॉब्सचे म्हणणे, दोन पुरेत. एक प्रिंटरला, एक मोडेमला. घर बांधताना ‘प्लग किती ठेवायचे’ यावर नवराबायकोत होतो तोच हा वाद. आठ नको असतील तर दुसरा कॉम्प्युटर बघ, असे वॉझ्निॲकने सुनावले आणि आठ खाचा राहिल्या.

त्या भरल्या कशा बघा. १९७८ साली डिस्क चालवणारे कार्ड आले. मूळ यंत्र एका ओळीत चाळीसच अक्षरे दाखवी, तर ऐंशी दाखवणारी कार्डे आली. १९८० साली मायक्रोसॉफ्टने आख्खा दुसरा प्रोसेसरच कार्डावर बसवून दिला. वाद चालू होता तेव्हा यातले काहीही बाजारात नव्हते. उद्या कोण येणार हे ठाऊक नसताना मांडलेले ते पाट होते. म्हणून तर ‘ॲपल टू’चे घराणे १९९३पर्यंत विकले गेले.

१९८४च्या मॅकिन्टॉशमध्ये मात्र जॉब्सने एकही खाच ठेवली नाही. उघडायला लांब दांड्याचा वेगळाच स्क्रू-ड्रायव्हर लागे. मेमरी १२८ किलोबाइट. ती लौकरच अपुरी पडू लागली. अखेर १९८७ साली ‘मॅकिन्टॉश टू’ला सहा खाचा द्याव्याच लागल्या. तोवर जॉब्स कंपनीतून बाहेर पडलेला होता.

एव्हरीने लेबल काढण्याची सोय ठेवली, ग्रीन आणि श्लायकरने फुटण्याची, वॉझ्निॲकने खोचण्याची. तिन्ही वस्तूंत शेवटचा हात तुमचा-माझा. कारखान्याने गिऱ्हाइकावर एवढा विश्वास टाकणे ही काही लहान गोष्ट नाही. आज खिशातल्या फोनकडे बघा. बहुतेकांची बॅटरी घरी काढता येत नाही, कारण ती आत चक्क डिंकाने चिकटवलेली असते. फोन उघडायचा तर आधी तो शेकवावा लागतो, मग हलक्या हाताने उचकटायचा. आणि तरीही तो सहीसलामत उघडेल याची खात्री नाही. शंभर डॉलरच्या भांडवलावर जे जमले होते, ते एवढ्या किमतीच्या फोनला जमू नये म्हणजे कमाल आहे!