तीन निबंध, एक पुनर्रचना

एम.एस्सी.च्या वर्गात नेम रिॲक्शन्स शिकवताना फ्रिट्श-बुटेनबर्ग-विशेल पुनर्रचना मी घाईत उरकत नाही. परीक्षेत ती क्वचितच विचारतात, तरी तिला मी अख्खा तास देते.

१८९४ साली या तिघांचे निबंध ‘लीबिग्ज आनालेन’च्या एकाच खंडात, एकापाठोपाठ एक छापून आले. दुहेरी बंधाच्या एका टोकाला दोन फिनाइल गट आणि दुसऱ्या टोकाला क्लोरीन असलेला रेणू सोडियम इथॉक्साइडबरोबर तापवायचा. क्लोरीन निघून जातं, एक फिनाइल गट शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि बंध तिहेरी होतो. पण त्यासाठी १८० अंशांच्या वर तापवावं लागे. नाजूक रेणूंचा तिथे निभाव लागणं शक्यच नव्हतं. दोघांतला नेमका कुठला गट सरकतो, हे कळायला १९५५ उजाडलं. हॅलोजनच्या विरुद्ध बाजूचा, असं बॉथनर-बाय यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून दाखवलं.

तिहेरी बंधांच्या साखळ्या करण्याची धडपड मात्र त्याआधीची. जर्मन रसायनज्ञ बायर १८८५ मध्ये त्याच्याच मागे होते आणि त्यांची संयुगं स्फोट होऊन उडत. वलयांतल्या ताणाचा त्यांचा सिद्धांत या साखळ्यांवरच्या त्यांच्या निबंधातलाच. मुलांना सिद्धांत पाठ असतो, स्फोट कुणी सांगितलेले नसतात.

२००० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात आइस्लर आणि टिक्विन्स्की यांनी फिनाइलच्या जागी तिहेरी बंध असलेलाच गट सरकवला. मधल्या कार्बनच्या दोन्ही बाजूंना असे गट, दुहेरी बंधाच्या पलीकडच्या टोकाला दोन ब्रोमीन. अभिक्रिया झाली की ओळीने तीन तिहेरी बंध तयार. आता उष्णता नको, उलट कोरडा बर्फ आणि ॲसिटोनमध्ये उणे ७८ अंश. हे मी स्वतः केलं आहे. ब्युटिललिथियम थेंबाथेंबाने सोडायचं, फ्लास्क सावकाश उणे १० पर्यंत येऊ द्यायचा आणि द्रावक पूर्ण उडवायचा नाही. सगळी मेख द्रावकात, म्हणजे हेक्झेनमध्ये आहे. त्याऐवजी टेट्राहायड्रोफ्युरॅन घेतलं, तर ते लिथियमला बिलगतं, मधल्या टप्प्यावरचा अल्पजीवी कार्बेनॉइड रेंगाळतो आणि भलतीच वाट धरतो. माझ्या मते खरा शोध हा द्रावकाच्या निवडीचा. दुर्दैवाने पाठ्यपुस्तकं त्याला एक ओळही देत नाहीत.

२०१० मध्ये शालिफू आणि टिक्विन्स्की ४४ कार्बनच्या साखळीपर्यंत पोचले. सलग २२ तिहेरी बंध आणि साखळ्या एकमेकींना भिडू नयेत म्हणून टोकांना अवाढव्य गट. तिचा शेवटचा सांधा तांब्याच्या क्षाराने जोडला, पुनर्रचनेने नव्हे. हे मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण पुनर्रचनेला तिच्या वाट्याचं तेवढंच श्रेय मिळावं.