जुनी मोटार आणि दप्तरातला मालक

पैसे मोजले, किल्ली हाती आली, की जुनी मोटार आपली झाली, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याने तिला आधारही दिला. जंगम मालाचा सौदा तोंडीसुद्धा होऊ शकतो. मात्र विकणाऱ्याचा जेवढा हक्क, त्याहून अधिक घेणाऱ्याला सहसा मिळत नाही.

परंतु मोटार म्हणजे पाटावरवंटा नव्हे. ती रस्त्यावर धावते, तिच्याखाली माणसे सापडतात. तेव्हा जबाबदार कोणाला धरावे? १९३९ च्या मोटारवाहन कायद्यातील ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत नोंदणीचा उल्लेखच नव्हता. तिचा भर ताब्यावर होता. १९८८ च्या कायद्याने दृष्टी पालटली : सामान्यतः ज्याच्या नावे नोंद, तो मालक.

या बदलाचे मर्म २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसले. एक मोटार हातोहात विकली गेली होती. नोंद मात्र जुन्याच नावावर राहिली. २००९ मध्ये अपघात झाला. भरपाईचा भार न्यायालयाने नोंदलेल्या मालकावरच टाकला. अपघातग्रस्ताने खरेदीदारांची साखळी शोधत का हिंडावे, हा त्यामागचा विचार.

म्हणूनच एका राज्यातल्या विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावी, असे कायदा सांगतो. नोंदपत्रावर बँकेचा बोजा असल्यास तोही उतरवून घ्यावा. सातबारा पाहिल्यावाचून आपण जमिनीचा इसार देत नाही. तोच शहाणपणा मोटारीच्या व्यवहारातही हवा, असे आम्हांस वाटते.