हॉटेल रवांडा (चित्रपट)

हॉटेल रवांडा हा २००४ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील ऐतिहासिक नाट्यपट आहे. १९९४ साली मध्य आफ्रिकेतील रवांडा या देशात झालेल्या तुत्सींच्या वंशसंहाराची पार्श्वभूमी त्याला लाभली आहे. राजधानी किगालीतील 'ओतेल दे मिल कोलिन' या हॉटेलचे व्यवस्थापक पॉल रुसेसाबगिना यांच्या अनुभवांवर त्याचे कथानक आधारले असून हॉटेलात आश्रयाला आलेल्या १,२६८ जणांचा जीव कसा वाचला हा त्याचा विषय आहे. चित्रपटाचे दिग्दर्शन टेरी जॉर्ज यांनी केले, तर पटकथा त्यांनी आणि केअर पीअरसन यांनी मिळून लिहिली. रुसेसाबगिना यांची भूमिका डॉन चीडल यांनी, तर त्यांच्या पत्नी तातियाना यांची भूमिका सोफी ओकोनेडो यांनी साकारली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रवांडात हुतू, तुत्सी आणि त्वा असे तीन समाज पूर्वापार राहत आले. त्यांची भाषा किन्यारवांडा हीच असून धर्म व चालीरीतीही बहुतांशी समान आहेत. बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याच्या समाजाची नोंद होऊ लागली आणि पूर्वी काहीशी लवचीक असलेली ही विभागणी जन्मजात शिक्का बनली. सत्तेत व शिक्षणात अल्पसंख्य तुत्सींना झुकते माप मिळाले. स्वातंत्र्याच्या सुमारास सत्ता बहुसंख्य हुतूंकडे गेली आणि तुत्सींवर वारंवार हल्ले होऊन अनेकांना शेजारच्या देशांत पळावे लागले. या निर्वासितांच्या पुढच्या पिढीने उभारलेल्या रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट या सशस्त्र संघटनेने १९९० मध्ये देशात चढाई केली. ऑगस्ट १९९३ च्या आरुशा करारानुसार सत्तावाटप ठरले आणि कराराच्या अंमलबजावणीसाठी संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य किगालीत दाखल झाले.

६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष जुव्हेनाल हाब्यारिमाना यांचे विमान किगालीजवळ पाडण्यात आले. त्याच रात्री रस्तोरस्ती अडथळे उभे राहिले आणि ओळखपत्रे तपासून तुत्सींची कत्तल सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची आणि त्यांच्या रक्षणासाठी नेमलेल्या दहा बेल्जियन सैनिकांची हत्या झाली. त्यानंतर बेल्जियमने आपली तुकडी मागे घेतली. कत्तल ऐन भरात असताना, २१ एप्रिल रोजी, सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांचे हे दल २७० वर आणण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत मारल्या गेलेल्यांची संख्या साधारणपणे पाच ते आठ लाख मानली जाते. रवांडा सरकारच्या मते ती दहा लाखांहून अधिक आहे. मृतांमध्ये कत्तलीला विरोध करणारे हुतूही होते.

या हत्याकांडात 'इंटराहाम्वे' ही हुतू निमलष्करी संघटना आघाडीवर होती. तुत्सींना झुरळे म्हणून संबोधणारे आणि लोकांना हत्येसाठी चिथावणारे खासगी नभोवाणी केंद्रही तितकेच कुप्रसिद्ध ठरले. रवांडाला 'हजार टेकड्यांचा देश' म्हणतात. फ्रेंचमधील 'मिल कोलिन' या शब्दांचा अर्थ तोच. हे नभोवाणी केंद्र आणि ते हॉटेल, दोघांच्याही नावांत हेच शब्द होते.

कथानक

पॉल रुसेसाबगिना हे बेल्जियमच्या साबेना या विमान कंपनीच्या मालकीच्या चारतारांकित हॉटेलात काम करतात. ते स्वतः हुतू, तर पत्नी तातियाना तुत्सी. नीटनेटका पोशाख, मृदू बोलणे आणि योग्य माणसाला योग्य वेळी स्कॉचची बाटली किंवा क्यूबन सिगार देण्याचे कसब ही त्यांची व्यवसायातील पुंजी आहे. या ओळखी पुढेमागे कुटुंबाच्या कामी येतील असा त्यांचा हिशेब असतो. शेजाऱ्याला सैनिक मारहाण करून घेऊन जातात तेव्हाही, तो आपल्या घरचा नव्हे, म्हणून ते मध्ये पडत नाहीत. चित्रपटाचा नायक आरंभी असा सावध, स्वतःपुरते पाहणारा गृहस्थ आहे.

राष्ट्राध्यक्षांच्या हत्येनंतर भयभीत तुत्सी शेजारी त्यांच्याच घरात आश्रय घेतात. एक लष्करी अधिकारी त्यांच्या हाती पिस्तूल देऊन या 'झुरळांना' मारण्याचा हुकूम सोडतो. पॉल घासाघीस करून प्रत्येकाचा जीव पैशांनी विकत घेतात आणि सर्वांना हॉटेलात आणतात. तेथे युरोपीय पाहुणे मुक्कामाला असतात. त्यांना सोडवण्यासाठी परदेशी सैन्य येते; आश्रितांना वाटते, मदत पोहोचली. प्रत्यक्षात ते केवळ परदेशी नागरिकांना घेऊन निघून जाते. पावसात बसमध्ये चढणारे गोरे पाहुणे आणि छत्र्या धरून त्यांना निरोप देणारे हॉटेलचे कर्मचारी हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत परिणामकारक प्रसंगांपैकी आहे.

यानंतर पॉल यांची सगळी शस्त्रे व्यवस्थापकाचीच राहतात: दूरध्वनी, फॅक्स, तळघरातील मद्यसाठा आणि पाहुण्यांची नोंदवही. ते आश्रितांना परदेशातील प्रभावशाली परिचितांना दूरध्वनी करायला सांगतात. दयेची याचना करण्याऐवजी समोरच्याला लाज वाटली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. पाणी तोडले जाते तेव्हा पोहण्याच्या तलावातले पाणी भांड्यांनी वाटले जाते. अन्नधान्य आणायला गेलेले पॉल पहाटेच्या धुक्यात नदीकाठच्या रस्त्याने परतत असता गाडी खडबडीत जागेवरून गेल्यासारखी उसळू लागते. खाली उतरल्यावर तो रस्ता प्रेतांनी भरलेला असल्याचे त्यांना कळते. हॉटेलात परतल्यावर त्यांना टायची गाठही बांधता येत नाही आणि आजवर राखलेला संयम सुटतो.

परदेशी प्रवेशपत्रे मिळालेल्या काही कुटुंबांना शांतिसैन्य विमानतळाकडे नेते, त्या वेळी पॉल स्वतः मागे थांबतात. हॉटेलातीलच एक कर्मचारी ही बातमी फोडतो, नभोवाणीवरून नावे जाहीर होतात आणि ताफ्यावर हल्ला होऊन सर्वांना परतावे लागते. अखेरीस लाच, विनवणी आणि युद्धगुन्ह्यांच्या खटल्याची भीती या तिन्हींचा वापर करून पॉल जनरल बिझिमुंगू यांना हॉटेलचे रक्षण करायला लावतात. आश्रित बंडखोरांच्या ताब्यातील प्रदेशात पोहोचतात आणि निर्वासितांच्या छावणीत पॉल व तातियाना यांना हरवलेल्या भाच्या सापडतात.

कलाकार व निर्मिती

शांतिसैन्याचे कर्नल ऑलिव्हर (निक नोल्टी) हे पात्र काल्पनिक असून ते त्या दलाचे कॅनेडियन सेनाप्रमुख रोमेओ दालेर यांच्यावरून ढोबळपणे बेतलेले आहे. पत्रकार छायाचित्रकाराच्या छोट्या भूमिकेत वाकीन फीनिक्स, तर साबेनाच्या अध्यक्षांच्या भूमिकेत श्रेयनामावलीत उल्लेख नसलेले जाँ रेनो दिसतात. फाना मोकोएना (बिझिमुंगू) आणि हकीम के-काझिम (इंटराहाम्वेचा नेता रुतागांडा) यांची पात्रे मात्र प्रत्यक्ष व्यक्तींची आहेत. जॉर्जेस रुतागांडा याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये जन्मठेप ठोठावली. ऑगस्टिन बिझिमुंगू याला २०११ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. सामान्य प्रेक्षकाला खलनायक म्हणून आठवणारी ही माणसे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तुरुंगात होती.

दिग्दर्शक टेरी जॉर्ज मूळचे बेलफास्टचे. 'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) या चित्रपटाचे सहलेखन आणि 'सम मदर्स सन' (१९९६) चे दिग्दर्शन त्यांनी केले होते. उत्तर आयर्लंडमधील संघर्ष हा त्या दोन्हींचा विषय. एकाच गल्लीत राहणारी, एकच भाषा बोलणारी माणसे परस्परांची वैरी कशी होतात हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. निर्मितीच्या काळात रुसेसाबगिना हे सल्लागार होते. बहुतेक चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे, तर काही भागाचे किगालीत झाले. छायालेखन रोबेर फ्रेस यांचे आहे. निर्मितीचा खर्च सुमारे पावणेदोन कोटी डॉलर होता.

हिंसेचे चित्रण

वंशसंहारावरील चित्रपट असूनही त्यात रक्तपात फारसा दिसत नाही. कोयत्यांचे खोके फुटून जमिनीवर पसरलेली पाती, बाथरूममध्ये हातात शॉवरची नळी धरून मुलांसह दबा धरून बसलेली आई, रक्ताने माखलेला आणि बोलणे थांबलेला मुलगा अशा खुणांतून भय उभे केले जाते. प्रत्यक्ष कत्तल एका प्रसंगात दिसते, तीही पत्रकाराने दुरून टिपलेल्या चित्रफितीत. हा संयम हेतुपुरस्सर होता: शाळकरी मुलांनाही चित्रपट पाहता यावा अशी दिग्दर्शकाची इच्छा होती. अमेरिकेत त्याला आधी प्रौढांसाठीचे कठोर प्रमाणपत्र मिळाले होते; अपिलानंतर ते सौम्य करण्यात आले. घडलेल्या क्रौर्याचे प्रमाण यामुळे कमी भासते, हा आक्षेप रास्त आहे. दुसरीकडे, याच निर्णयामुळे हा चित्रपट अनेक देशांतील शाळांच्या वर्गांपर्यंत पोहोचला.

पत्रकाराची चित्रफीत जगाने पाहिली की मदत येईलच, असे पॉल यांना वाटते. लोक बातमी पाहून हळहळतील आणि पुन्हा जेवायला लागतील, असे पत्रकार त्यांना सांगतो. आणखी एका प्रसंगात नभोवाणीवरून अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यांचे निवेदन ऐकू येते. 'वंशसंहार' हा शब्द सरळ न वापरता 'वंशसंहाराची कृत्ये' अशी शब्दयोजना त्या करतात. ही प्रत्यक्ष घडलेली घटना आहे. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंशसंहार रोखणे हे सदस्य राष्ट्रांचे कर्तव्य ठरते. त्यामुळे तो शब्द उच्चारला तर काहीतरी करावे लागेल, ही भीती त्या शब्दकसरतीमागे होती.

प्रदर्शन व पुरस्कार

सप्टेंबर २००४ मध्ये टोरोंटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट प्रथम दाखवला गेला आणि तेथे त्याने प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार पटकावला. सत्त्याहत्तराव्या ऑस्कर पुरस्कारांसाठी त्याला प्रमुख अभिनेता, सहायक अभिनेत्री आणि मूळ पटकथा या तीन विभागांत नामांकने मिळाली. पुरस्कार एकही मिळाला नाही. चीडल यांच्या अभिनयाची समीक्षकांनी विशेष प्रशंसा केली.

ऐतिहासिक सत्य आणि वाद

चित्रपटानंतर रुसेसाबगिना जगप्रसिद्ध झाले. २००५ मध्ये त्यांना अमेरिकेचे 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळाले आणि २००६ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मात्र हॉटेलात राहिलेल्या काही आश्रितांनी वेगळीच हकीकत मांडली. त्यांच्या म्हणण्यानुसार रुसेसाबगिना यांनी खोल्यांचे व अन्नाचे पैसे मागितले आणि हॉटेल वाचले ते मुख्यतः शांतिसैनिकांमुळे, तसेच परदेशांचे लक्ष तेथे असल्यामुळे. आश्रितांपैकी एक असलेल्या एदुआर कायिहुरा यांनी २०१४ मध्ये सहलेखकासह याच आशयाचे पुस्तक लिहिले. रुसेसाबगिना यांनी हे आरोप फेटाळले. अन्य काही आश्रितांनी आपला जीव त्यांच्यामुळेच वाचल्याचे सांगितले आहे. ते पॉल कागामे यांच्या राजवटीचे कठोर टीकाकार असल्यामुळे या वादाला राजकीय रंगही आहे आणि दोन्ही बाजूंची साक्ष वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

ऑगस्ट २०२० मध्ये दुबईहून बुरुंडीला जात असल्याच्या समजुतीने ते ज्या विमानात बसले, ते किगालीला उतरले आणि त्यांना अटक झाली. त्यांच्या विरोधी आघाडीच्या सशस्त्र गटाने रवांडात केलेल्या प्राणघातक हल्ल्यांप्रकरणी सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना दहशतवादाच्या आरोपाखाली २५ वर्षांची शिक्षा झाली. खटला न्याय्य नसल्याची टीका अमेरिका व युरोपातून झाली. मार्च २०२३ मध्ये शिक्षा कमी करून त्यांची सुटका करण्यात आली.

चित्रपटातून वगळली गेलेली एक व्यक्ती विशेष उल्लेखनीय आहे. सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियान्य हे संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्र निरीक्षक होते. ते मिल कोलिनमध्येच राहत. वरिष्ठांचा आदेश नसताना, विनोद, सिगारेटी आणि ओळखी यांच्या बळावर अडथळे ओलांडत त्यांनी लपलेल्या लोकांना थोडेथोडे करून आपल्या गाडीतून सुरक्षित स्थळी आणले. ३१ मे १९९४ रोजी किगालीतील एका अडथळ्यापाशी तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचा मृत्यू झाला. २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने त्यांच्या नावे असामान्य धैर्याचे पदक सुरू केले.