आदिलाबाद जिल्हा : विभागणी

आदिलाबाद जिल्हा, विभागणी : तेलंगणाच्या उत्तर टोकाच्या या जिल्ह्याच्या सीमांत झालेले फेरबदल. निजामी काळातील सिरपूर-तांडूर या उपजिल्ह्याला 1905 मध्ये पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांनी त्याच्या बहुतेक सीमा आपसूकच आखल्या होत्या.

1956 : राज्य पुनर्रचना कायद्याने नद्यांपेक्षा भाषेला मान दिला. किनवट व राजुरा हे अख्खे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल (महसुली मंडळ) मुंबई राज्यात गेले. उलट दिशेने नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आदिलाबादला जोडली गेली. तालुका न फोडता भागत नसेल तेथे सर्कलांच्या हद्दीवर सुरी चालली, हे या कायद्याचे वैशिष्ट्य. नांदेडचाच देगलूर तालुकाही बिचकुंदा व जुक्कल सर्कलांपुरता असाच चिरला गेला. माहूरचा गड किनवटसोबत मुंबई राज्यात (आजच्या महाराष्ट्रात) आला, मुधोळकडील बासरचे सरस्वती मंदिर तत्कालीन आंध्र प्रदेशात गेले. या वाटणीनंतर राजुरा आधी नांदेडमध्ये होता. 1959 मध्ये तो चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यात गेला.

वादग्रस्त गावे : राजुऱ्यातून पुढे वेगळ्या झालेल्या जिवती तालुक्याच्या डोंगराळ सीमेवर, जेथे हद्द दाखवायला मोठी नदी नाही, तेथील 14 गावांवर महाराष्ट्र व तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. गावकऱ्यांना योजनांचा लाभ दोन्हीकडून मिळत आला आहे.

2016 : 11 ऑक्टोबरला जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. मुधोळ-भैंसा पट्टा निर्मलच्या वाट्याला आला. सहा दशकांत त्याने तिसरे जिल्हा-मुख्यालय पाहिले.

रेल्वे : रेल्वेने ही वाटणी जुमानलेली नाही. मुदखेडहून निघणारा लोहमार्ग किनवटवरून आदिलाबादला पोचतो आणि हे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मोडते. जुन्या जिल्ह्याच्या पूर्वेचे सिरपूर कागजनगर मात्र काझीपेठ-बल्लारशाह मार्गावर, सिकंदराबाद विभागात आहे.

भाषा : सीमेलगतच्या बेला, जैनद भागांत मराठी रोजच्या व्यवहारात आहे. गोंडी व कोलामी भाषकांची वस्ती सीमेच्या दोन्ही अंगांना आहे. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथील नागोबा जत्रेला पौष अमावास्येस महाराष्ट्रातूनही गोंड कुटुंबे येतात.