तुरुंग, ट्रोंक, इन्तोलोन्गो

मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यांना आमची इन्सुली ठाऊक असते ती तपासणी नाक्यामुळे. नाक्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते. दुसऱ्या बाजूला, वेंगुर्ल्याला, डचांची वखार. गोव्याची समुद्रातून कोंडी करायची तर जवळ बसायला जागा हवी, म्हणून सतराव्या शतकात डच कंपनीने वेंगुर्ल्यात ठाण मांडले. वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत.

गंमत अशी की पोर्तुगीज आमच्या जिभेवर राहिले, डच राहिले नाहीत. पाव, चावी, पगार, बटाटा, तुरुंग हे सगळे पोर्तुगिजांकडून आलेले. डच शब्द मात्र आमच्या बोलीत मला एकही सापडलेला नाही. ती भाषा दुसऱ्याच्या घरात किती आत शिरू शकते हे पाहायचे, तर त्याच कंपनीच्या मागोमाग आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जावे लागते. १६५२ मध्ये यान फान रिबेकने तिथे, केपला, जहाजांना पाणी आणि भाजीपाला पुरवण्याचे ठाणे उभारले. वसाहत पूर्वेकडे सरकत गेली आणि अठराव्या शतकात तिची गाठ खोसा लोकांशी पडली. गुरे आणि कुरणे यांवरून १७७९ ते १८७९ या शंभर वर्षांत नऊ युद्धे झाली. खोसांविरुद्ध आधी डच वसाहतवाले, नंतर इंग्रज.

कुळ पाहिले तर डच आपल्या नात्यातली. नावाला डच 'नाम'च म्हणतात, फारसीतही 'नाम'. दाताला 'तांत', संस्कृत दंत, फारसी दंदान. खोसा बांटू कुळातली, तिच्याशी आपले काहीच नाते नाही. आपण शब्दाच्या शेपटाला प्रत्यय लावतो, खोसा डोक्याला लावते. माणूस 'उम्न्तू', माणसे 'अबान्तू'. शब्दकोशात शब्द शोधायचा तर आधी त्याची टोपी काढावी लागते.

पण कानाने ऐकले की नाते उलटे वाटू लागते. डचमध्ये महाप्राण नाहीत. प आहे, फ नाही. खोसामध्ये दोन्ही आहेत. एवढेच नव्हे, मराठीचा 'फ' आणि उर्दूचा 'फ़े' ही दोन वेगळी अक्षरे ती वेगळीच ठेवते, आणि 'ख' व 'ख़े' हीसुद्धा. वर्गात हा फरक घोटून घेताना माझा घसा सुकतो, म्हणून हे मला विशेष वाटते. उर्दू-मराठी दोन्ही शिकलेल्या मुलाला खोसाचा हा भाग फुकटात मिळेल. अडेल तो जिभेच्या टकारांपाशी. हळहळताना आपण 'च् च्' करतो, टांगेवाला दाढेजवळून आवाज काढून घोडा हाकतो. आपल्याकडे हे नुसते आवाज, खोसात ती व्यंजने आहेत. तीसुद्धा तिची मूळची नव्हेत, शेजारच्या खोई आणि सान लोकांकडून आलेली. 'खोसा' या नावातच असा एक टकार आहे, देवनागरीत तो लिहिता येत नाही.

आता उसनवारी बघा. खोसात शाळा 'इसिकोलो', टेबल 'इटाफिले', खिडकी 'इफेस्टिले', सगळे डचांकडचे. साखर 'इस्वेकिले'. डच शब्द अरबी 'सुक्कर'वरून गेलेला, अरबीने तो फारसी 'शकर'कडून घेतला, आणि फारसीचे मूळ आपल्या 'शर्करे'त. म्हणजे आपलाच शब्द अर्धी दुनिया फिरून खोसांच्या चहात पडला. सरकार 'उख़ुलुमेन्ते', डच वसाहतवाल्यांच्या 'ख़ूवर्मेंट'वरून. आणि तुरुंग 'इन्तोलोन्गो'.

या शेवटच्या शब्दापाशी मी थबकलो. केपच्या डचमध्ये तुरुंगाला 'ट्रोंक' म्हणतात. तो डच नाहीच, पोर्तुगीज 'ट्रोंको'. त्याचा अर्थ झाडाचे खोड, मग कैद्याचे पाय अडकवायचा ओंडका, मग कोठडी. मराठीने खोडावरून 'खोडा' अगदी असाच बनवला होता, तरी 'तुरुंग' घेतलाच. एकाच ओंडक्याच्या दोन ढलप्या, एक आमच्याकडे, एक खोसांकडे. राज्यकर्त्याकडून प्रजेकडे कोणत्या वस्तू आधी पोचतात, ते यात दिसते.

मात्र केपची डच डचांचीच राहिली असे समजू नये. कंपनीने बंगाल, मलबार, कोरोमंडल, जावा, मादागास्कर इथून गुलाम नेले. स्वयंपाकघरात, गोठ्यात, बंदरावर त्यांनी आणि खोईंनी ती मोडून-जोडून बोलली. तीच पुढे आफ्रिकान्स झाली. तिच्यात 'पुष्कळ'ला 'बाया' म्हणतात, तो मलायी शब्द. तिचे सुरुवातीचे लिखाण अरबी लिपीत आहे, मदरशातल्या मुलांसाठी केलेले. उस्मानी सुलतानाने पाठवलेले आलिम अबू बक्र एफेंदी यांचे 'बयानुद्दीन' १८६९ मध्ये लिहून झाले, १८७७ मध्ये इस्तंबूलला छापले गेले. या लेखकांना जेर-जबर गाळून चालत नसे, कारण स्वर चुकला की शब्दच बदलतो. आणि 'प'साठी अक्षर हवे, अरबीत ते नाही! उर्दूवाल्यांना ही अडचण ओळखीची. आपण फारसीचा 'पे' आयता घेतला.

तीच भाषा विसाव्या शतकात गोऱ्यांची, वर्णद्वेषाची भाषा म्हणून मिरवली. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर उतरली ती गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याच्या सक्तीविरुद्ध. त्यांच्यावर गोळ्या चालल्या. मुलांचे चुकले असे मी कधीच म्हणणार नाही. पण खोसाभाषक नेल्सन मंडेला तेव्हा रॉबेन बेटावर, इन्तोलोन्गोतच, मन लावून आफ्रिकान्स शिकत होते. पहारेकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता आले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे सोबतच्या कैद्यांना पटायला वेळ लागला.

मला अधूनमधून कौतुकाने विचारतात, "सर, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" आमच्या घरात आजी ज्या बोलीत रागावायची ती इथलीच होती, हे सांगून मी थकलो. उर्दू आम्ही शाळेत शिकलो. राज्यव्यवहारकोशाने सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, मोठे काम होते ते. तरी मराठ्यांचा पेशवा फारसीच राहिला, आणि प्रश्न विचारणाऱ्याचा 'सवाल'ही अरबीच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान केप टाउनला जाऊन राहिले. घरात कोकणी, गिऱ्हाइकाशी आफ्रिकान्स. आपल्या तुरुंगाची आणि ट्रोंकची गाठ अशाच एखाद्या वाण्याच्या गल्ल्यावर पुन्हा पडली असेल.