शारदेपासून किशोरीपर्यंत

विजोड हा शब्द आपल्या घरांत फार जुना आहे, आणि फार दिवस त्याच्याशीं हसण्याचा कांहीं संबंध नव्हता. विजोड म्हटलें कीं साठीचा नवरा आणि बारा वर्षांची नवरी डोळ्यांपुढें उभी राही. गोविंद बल्लाळ देवलांचें 'शारदा' नाटक १८९९ मध्यें रंगभूमीवर आलें तें ह्याच दुःखाची दाद मागण्याकरितां. त्यांत प्रेक्षक हसतात खरे. कांचनभटाच्या लोभाला हसतात, भद्रेश्वर दीक्षिताच्या लबाडीला हसतात. शारदेच्या वाट्याला मात्र तें हसूं येत नाहीं. आणि अखेर तिचें तें लग्न मोडतें, तें काय म्हणून? तिनें नको म्हटलें म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र निघाले म्हणून! पुढें १९२९ मध्यें बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. त्याला लोक शारदा कायदा म्हणत. पण तें नांव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलें, देवलांच्या नायिकेवरून नव्हे. वर्गांत मी हें दरवर्षीं सांगत असें आणि दरवर्षीं निम्म्या मुलांना तें पटत नसे.

ह्याच विजोडपणाचा पुढें खेळ कसा झाला, तें मला आज सांगावयाचें आहे.

१९३७ सालीं प्रभात कंपनीचा 'कुंकू' आला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून शांताराम यांनीं तो दिग्दर्शित केला. शांता आपटे यांची नीरा ही शारदेची नात शोभावी अशी आहे. फसवून तिचें लग्न एका वृद्ध विधुर वकिलाशीं लावतात. पण ती त्याला पति मानण्यास साफ नकार देते. येथें गोत्र मदतीस येत नाहीं. तिचा नकार हेंच तिचें शस्त्र. तरी सुटकेची किंमत पाहा. काकासाहेबांना शेवटीं स्वतःचा जीव द्यावा लागतो, आणि केशवराव दाते यांनीं ही भूमिका अशी केली आहे कीं ज्याचा राग यावा त्याचीच कींव येते.

आणि अवघ्या एका वर्षानें, १९३८ मध्यें, हंस पिक्चर्सनें मराठींत व हिंदींत 'ब्रह्मचारी' आणला. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक ह्या त्रिकुटानें १९३६ मध्यें कोल्हापुरास काढलेली ही संस्था. दिग्दर्शक विनायक, नायकही विनायकच. कथा आणि संवाद प्रल्हाद केशव अत्रे यांचे. अत्रे पुण्याच्या कॅम्पांतील शाळेचे मुख्याध्यापक होते. व्यवसायबंधु म्हणून मला त्याचा थोडा अभिमान वाटतो, तो श्रोत्यांनीं माफ करावा. तरुणांना संयम शिकविणारीं व्याख्यानें शाळामास्तराइतकीं दुसऱ्या कोणीं ऐकलीं असतील?

औदुंबर हा एक सामान्य तरुण. नट्यांचीं छायाचित्रें जमविण्याचा त्याला शोक. एके दिवशीं तो देशसेवेवर आणि ब्रह्मचर्यावर एक जळजळीत व्याख्यान ऐकतो, पेटून उठतो, छायाचित्रें फेकून देतो आणि प्रतिज्ञा करून एका आश्रमवजा संस्थेंत दाखल होतो. मग समोर येते किशोरी. विघ्न काय तें नायकाच्या स्वतःच्या डोक्यांत आहे. वय जुळतें, जुळत नाहींत तीं फक्त मतें. तो काळच ह्या वादाचा होता. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून ब्रह्मचर्याच्या उपदेशाच्या नेमकें उलट सांगत होते आणि त्यापायीं कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. कर्व्यांनीं तर्कानें जें सांगितलें, त्यांतलें थोडेंसें अत्र्यांनीं हंशांत सांगितलें. आणि त्याला मात्र गर्दी झाली.

ह्या चित्रपटाचें नांव काढलें कीं आजही प्रथम आठवतो तो मीनाक्षी शिरोडकर यांचा पोहण्याचा पोषाख. त्या पोषाखांत नायिका दादा चांदेकरांच्या चालीवर गाणें म्हणते, ह्यावर केवढा गदारोळ उठला! गाणें कृष्णाच्या यमुनेंतील क्रीडेचें. विषय पुराणांतला, पोषाख विसाव्या शतकांतला. टीकाकारांना पुराण टाकवेना आणि पोषाख गिळवेना. मला स्वतःला दुसरीच गोष्ट अधिक धीट वाटते. ह्या जोडींत पुढाकार तिचा आहे.

वैराग्याची थट्टा आपल्याकडे नवी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'सौभद्रा'त अर्जुन संन्यासी होतो; पण तें सोंग, भगव्या वस्त्राआड प्रियकरच बसलेला. औदुंबराचें वैराग्य मनापासूनचें आहे, म्हणूनच तें ढांसळतांना अधिक हसूं येतें. विश्वामित्राचें तपही असेंच भंगलें. परंतु मेनका इंद्राच्या आज्ञेनें आली होती. किशोरीला कोणीं पाठविलेलें नाहीं.

शिवाय ती खरोखरीची स्त्री आहे. 'सौभद्रा'तील सुभद्रा गाजविली ती भाऊराव कोल्हटकरांनीं. १९३३ मध्यें 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, ही तेव्हां मुद्दाम सांगण्याजोगी गोष्ट होती. स्त्री आणि पुरुष यांची चकमक विनोदी व्हावयाची तर दोन्ही बाजूंना खरे योद्धे हवेत. स्त्रीवेषधारी नटाच्या तोंडचा टोमणा गोड लागतो, पण लागत नाहीं.

दोषही सांगितला पाहिजे. किशोरीला औदुंबर हवा. त्याखेरीज तिला काय हवें, हें चित्रपट विचारीत नाहीं. तिच्या बुद्धीपेक्षां रूपावर लेखकानें अधिक भार टाकला आहे. हेच अत्रे १९३४ मध्यें 'घराबाहेर' नाटकांत घर सोडून निघालेली स्त्री उभी करून चुकले होते. तेव्हां हें त्यांना सुचलें नसेल असें नव्हे. हंशांच्या घाईंत राहून गेलें.

माझे वडील तेव्हां तेरा वर्षांचे होते. त्यांचा आतेभाऊ चित्रपट पाहून आला, आणि कोठें गेला होतास असें आजीनें विचारतांच त्यानें नुसतें नांव सांगितलें. नांव ऐकून आजी संतुष्ट झाली. दुसऱ्या दिवशीं चार शेजारणींना घेऊन ती स्वतःच गेली. परत आल्यावर वडिलांनीं विचारलें, काय पाहिलें? "पोहणें," एवढेंच म्हणून ती स्वयंपाकघरांत गेली. पुढच्या आठवड्यांत ती पुन्हां गेली. त्या खेपेस मात्र तिनें शेजारणींना कळविलें नाहीं.